डायलला हात लावू नका: जुनी मनगटी घड्याळं जमवू पाहणाऱ्याला सविस्तर उत्तर

नाशिकच्या एका तरुण वाचकाने विचारलंय. आजोबांचं फेवर-लुबा सी किंग त्यांच्याकडे आलंय. घड्याळ चालतं, पण दिवसाला पाच-सात मिनिटं मागे पडतं आणि डायलवर तपकिरी ठिपके आलेत. दुकानदार म्हणतो, सर्व्हिसिंगबरोबर डायलही नवी करून देतो, कोणाला ओळखू येणार नाही. शिवाय हे घड्याळ हातात आल्यापासून आणखी जमवायची इच्छा झालीय. चाळीसेक हजार बाजूला काढलेत, ऑनलाइन दिसणारी नारिंगी-हिरवी सिको फाइव्ह खुणावताहेत. तर सुरुवात कशी करावी, आणि अस्सल कसं ओळखावं?

घड्याळ दुकानात दिलं असेल तर आजच फोन करा आणि सांगा, मशीनचं काम करा, डायलला हात लावू नका. बाकी सगळं सावकाश वाचलं तरी चालेल.

कारण असं, की जुन्या घड्याळात मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, चावी, पट्टा, मेनस्प्रिंग (चावी भरल्यावर घड्याळाला जोर देणारी मुख्य स्प्रिंग), फार तर एखादं चाकसुद्धा दुसऱ्या बंद घड्याळातून मिळतं. डायल मात्र एकदा घासली की गेली. जाणकार माणूस घड्याळ हातात घेतो तेव्हा किमतीचा मोठा हिस्सा तो डायलला देत असतो, मग ती ठिपकेदार का असेना. ठिपके असलेली मूळ डायल आणि चकचकीत रंगवलेली डायल यांत मी दर वेळी पहिली घेईन. तुमच्या बाबतीत तर बाजारभावाचा प्रश्नही नाही. आजोबांनी जी डायल रोज बघितली ती हीच.

दुकानदार लबाड आहे असं मात्र लगेच समजू नका. जुन्या पिढीच्या कारागिराच्या दृष्टीने घड्याळ नवं दिसणं म्हणजेच काम चोख होणं. परवाना राजच्या काळात परदेशी घड्याळं आणि सुटे भाग कायदेशीरपणे मिळवणं अवघड होतं. जे घड्याळ घरात होतं ते पंचवीस-तीस वर्षं चालवायचं, मुलाच्या लग्नात पुन्हा रंगवून घालायचं, अशी रीत होती. त्यातून डायल रंगवणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला, आणि मुंबई त्याचं केंद्र झाली. पुढे इंटरनेटवर ही घड्याळं जगभर विकली जाऊ लागली आणि परदेशातल्या हौशी लोकांनी त्यांना नाव दिलं ‘मुंबई स्पेशल’. नाव झोंबतं, पण खोटं नाही. एका घड्याळाची केस (बाहेरचं धातूचं कवच), दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वर नव्याने छापलेली डायल. फरक इतकाच, की पूर्वी हे मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्याच घड्याळावर व्हायचं. आता ते अनोळखी गिऱ्हाइकाला ‘रेअर व्हिंटेज’ म्हणून खपवायला होतं.

आता ओळखायचं कसं ते बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं हळूहळू आपोआप शिकता येतं, हे मात्र शिकावं लागतं.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. प्रथम छपाई बघा. कारखान्यात छापलेली अक्षरं भिंगाखालीसुद्धा धारदार दिसतात, शाई सगळीकडे सारख्या जाडीची असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, ‘ए’ आणि ‘ई’ची पोटं भरून गेलेली असतात, कंपनीच्या नावातली दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. मग मिनिटांच्या रेघा बघा. बारा, तीन, सहा, नऊ या जागी बसवलेल्या धातूच्या खुणांच्या अगदी मध्यावर रेघ आलीय का? जुन्या खुणा तशाच ठेवून खाली नवी छपाई केली की एखादी रेघ हमखास इकडेतिकडे सरकते. डायलवर मध्यातून जाणारी अधिक चिन्हासारखी रेघ असेल तर ती काट्यांच्या भोकाच्या नेमक्या केंद्रातून गेली पाहिजे. रंगवणाऱ्याची सगळ्यात जास्त फजिती तिथे होते.

स्विस घड्याळावर सहाच्या खाली ‘स्विस मेड’ किंवा नुसतं ‘स्विस’ लिहिलेलं असतं. ते अगदी कडेला, काचेच्या रिंगेत अर्धवट लपलेलं असतं. रंगवलेल्या डायलवर ते गायब तरी असतं किंवा वाचता यावं म्हणून वर सरकवलेलं असतं. विकणारा कितीही गोड बोलला तरी ही एक ओळ बहुतेक वेळा खरं सांगून जाते.

डायल बाहेर काढलेली बघायला मिळाली तर तिच्या कडेवर बोट फिरवा. छापताना डायल सरळ बसावी म्हणून रंगवणारे कधीकधी कडेला कानशीने बारीक खाच पाडतात. मागच्या बाजूला डायल मशीनला धरून ठेवणारे दोन छोटे पाय असतात. ते तुटलेले आणि डायल गोंदाने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेली असेल, तर ती डायल या मशीनची नाही असं धरून चाला.

मग वयाचा मेळ घाला. डायल, काटे आणि केस एकत्र म्हातारी होतात. केसवर चाळीस वर्षांचे ओरखडे, पाठीमागचं कोरीवकाम पुसट झालेलं, आणि डायल मात्र काल छापल्यासारखी, हे जुळत नाही. अंधारात चमकणाऱ्या खुणांचं तर आणखी सोपं आहे. साधारण १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम असे, त्यानंतर ट्रिटियम आलं, आणि १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेलं सुपर-ल्युमिनोव्हा. रेडियम स्वतः १६०० वर्षांत अर्धं होतं, पण त्याच्या संगतीने प्रकाश देणारं झिंक सल्फाइड काही दशकांतच थकून जातं. म्हणून पन्नाशीतलं घड्याळ रात्रभर हिरवंगार चमकत असेल तर तो चमकता लेप अलीकडचा आहे. काटे पिवळे पडलेत आणि आकड्यांवरचा लेप पांढराशुभ्र आहे, असं दिसलं तरी एक भाग बाहेरून आलाय हे नक्की.

आता तुमच्या सी किंगकडे. फेवर-लुबा आपलं मूळ १७३७ पर्यंत मागे नेते, स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावातल्या अब्राहम फाव्र या घड्याळजीपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्यातली माणसं हिंदुस्थानात येऊन धंदा करू लागली आणि मुंबईच्या बाजारात त्यांचा इतका जम बसला, की आपल्याकडे स्विस घड्याळ म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी फेवर-लुबाच यायचं. याच कंपनीने १९६२ मध्ये बिव्हॉक काढलं, उंची मोजणारं आणि हवेचा दाब दाखवणारं मनगटी घड्याळ. त्यानंतर पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी खोली मोजणारं बाथी. ही दोन्ही आज मोठ्या संग्राहकांची घड्याळं आहेत, तुमच्या-माझ्या खिशाची नाहीत. सी चीफ आणि सी किंग ही मात्र नोकरदार घरातली घड्याळं. २०११ मध्ये टायटनने ही कंपनी विकत घेतली, २०२३ मध्ये ती एथॉस या घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीच्या गटाकडे गेली, म्हणजे मालकी अजून भारतीयच आहे.

तुमच्या डायलवर बाराच्या खाली वाळूच्या घड्याळाच्या आकाराची खूण आहे का बघा. ती वेगळी बसवलेली असेल, धार शाबूत असेल, आणि तिच्या पायथ्याशी रंगाचा ओघळ नसेल, तर बहुतेक डायल मूळची आहे. तपकिरी ठिपके हे लाखेच्या थराखाली ओल शिरल्याचे. ते पुसून जात नाहीत. कोणी ओल्या फडक्याने किंवा खोडरबराने पुसून दाखवतो म्हणाला तर देऊ नका, ठिपक्याऐवजी अक्षरं जातील. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणं आणि रबराच्या हातफुग्याने हवा मारणं, एवढंच.

दिवसाला पाच-सात मिनिटं मागे पडतं याचा अर्थ बहुधा तेल सुकलंय. मशीन पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा तेल द्यावं लागेल. वरून पेट्रोलमध्ये बुडवून वाळवणं याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत, पण म्हणणारे भेटतील. उलट घड्याळ अचानक दिवसाला चार-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी चुंबकत्व तपासा. हेअरस्प्रिंग म्हणजे घड्याळाची गती सांभाळणारी केसाइतकी बारीक स्प्रिंग; तिचे वेटोळे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते. मोबाईलचं चुंबकी झाकण, स्पीकर, लॅपटॉपच्या बॅगेचं बटण, काहीही कारण असू शकतं. चुंबकत्व काढायचं उपकरण घड्याळजीकडे असतंच, काम मिनिटाभराचं.

सर्व्हिसिंग झाल्यावर तपासायचं कसं? ज्याच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून गती मोजणारं यंत्र, आहे अशा माणसाकडे जा, किंवा छोटं यंत्र स्वतःच घ्या. जमवायचंच ठरवलंत तर तो पैसा वसूल होतो. तीन आकडे बघायचे. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. जुन्या घड्याळाला वीस-तीस सेकंदांची सूट द्यायला हरकत नाही. दुसरा, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचं, मागेपुढे डोलत वेळ मोजणारं चाक किती अंशांत झोका घेतं. पूर्ण चावी भरून डायल वर ठेवल्यावर २५० अंशांच्या पुढे असेल तर उत्तम, २२० ला मी समाधान मानतो, दोनशेच्या खाली असेल तर काम नीट झालेलं नाही किंवा मेनस्प्रिंग थकलीय. तिसरा, बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांतला असमतोल. तो एक मिलिसेकंदाच्या आत हवा. घड्याळ चावी खाली करून उभं धरल्यावर आकडे किती बदलतात तेही बघा. नुसतं टेबलावर आडवं ठेवून छान आकडे दाखवणारे विक्रेते खूप.

आता चाळीस हजार.

आधी त्यातला तिसरा हिस्सा सर्व्हिसिंगसाठी वेगळा काढा आणि विसरून जा. जुनं घड्याळ घेतल्यावर ते उघडून करावंच लागतं, विकणाऱ्याने ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ असं शपथेवर सांगितलं तरी. उरलेल्यात खूप घड्याळं घ्यायची नाहीत. थोडी घ्यायची, पण एका धाग्यातली. एक स्विस, एक जपानी, एक रशियन असं चाखत बसलात तर वर्षभराने डबा भरेल, पण कशातलंच नीट कळणार नाही. एकाच घराण्यातली पाच-सहा घड्याळं बघितलीत, उघडून घेतलीत, की पुढचं घड्याळ हातात येताच त्यातलं काय चुकतंय ते तुमची नजर आपोआप सांगते.

धागा कोणता? नवशिक्याला मी एचएमटीच सांगतो. स्वस्त आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे भाग मिळतात, दुरुस्त करणारे मिळतात, आणि फसलात तरी फार रक्त जात नाही. हिंदुस्तान मशीन टूल्स ही १९५३ मध्ये सुरू झालेली सरकारी कंपनी. १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि नैनीतालजवळ राणीबाग इथेही कारखाने निघाले. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, नोकरीला लागलेल्या भावाला, सेवानिवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटी द्यायची पद्धत होती, त्यामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या कपाटांत अजून एखादं तरी पडलेलं असतं. नात्यागोत्यात विचारा. चोर बाजारापेक्षा काकांच्या ड्रॉवरमध्ये अस्सल माल सापडायची शक्यता जास्त.

एचएमटीत बघण्यासारखं मशीन म्हणजे ०२३१. चावीचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करायला बसवलेले बारीक खडे), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. सिटिझनच्या रचनेवर बेतलेलं, साधं, दणकट. जनता आणि पायलट या दोन्हींत हेच मशीन भेटेल. दोन घड्याळं बाहेरून किती वेगळी दिसतात! जनता साधारण ३५ मिलिमीटरचं, पांढरं, सरळ. पायलट काळ्या डायलचं, मोठे चमकते आकडे. तुम्ही एक जनता उघडून शिकलात की पायलटही शिकलात. डायलवरचं ‘पॅराशॉक’ हे सिटिझनकडून आलेलं धक्का सोसण्याचं तंत्र.

माझ्या मते पहिली खरेदी देवनागरी डायलचं जनता असावी. त्यावर नाव आणि आकडे देवनागरीत असतात, तरी ते कुठेही नटवं वाटत नाही. पण नेमकं हेच मॉडेल सर्वांत जास्त पुन्हा छापलं जातं, कारण मागणी आहे. मूळ डायलवरचे देवनागरी आकडे एका हाताच्या वळणाचे, तोललेले असतात. नकली डायलवर ‘५’ आणि ‘८’ संगणकातल्या तयार टंकातले वाटतात. आपण मराठी माणसं हे परदेशी संग्राहकापेक्षा चांगलं ओळखू शकतो, कारण आपल्याला अक्षराचं वळण लहानपणापासून माहीत आहे. याचा फायदा घ्या.

दुसरं पायलट. तिसरं, मिळालं तर, कोहिनूर किंवा एखादं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, जसं रजत किंवा कांचन. कांचन एकेकाळी लग्नात जावयाला देण्याचं घड्याळ होतं, त्यामुळे बरीच फारशी न वापरता जपून ठेवलेली निघतात. अशा घड्याळाला सोनेरी मुलामा असतो, तो पट्टा अडकवायच्या कानांच्या कोपऱ्यांवर आणि पाठीच्या कडेला उडालाय का बघा. पुन्हा मुलामा दिलेला असेल तर कडा गोल झालेल्या दिसतील, कारण त्याआधी घासावं लागतं.

‘एनओएस’, म्हणजे न वापरलेला जुना साठा, या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका. २०१४ च्या सुमाराला कारखाने बंद होणार अशा बातम्या आल्या आणि लोक दुकानांवर तुटून पडले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर सुटे भाग, उरलेल्या केस, डायली यांतून जोडलेली ‘नवी’ घड्याळं बाजारात आली आणि अजून येताहेत. कधीही न बनलेल्या रंगांतली पायलट त्यातलीच. ती वापरायला वाईट नाहीत, पण संग्रहातलं घड्याळ म्हणून त्यांना दाम देऊ नका.

आता तुमच्या नारिंगी-हिरव्या सिको फाइव्हबद्दल. बहुतेक सगळी मुंबई स्पेशल. विशेषतः डायलवर ‘रेल्वे टाइम’ लिहिलेलं, आत चोवीस तासांचं वर्तुळ असलेलं सिको दिसलं तर हसा आणि पुढे चला. याचा अर्थ सिको फाइव्ह टाकाऊ आहे असा मुळीच नाही. १९६३ मध्ये आलेलं हे घड्याळ मला मनापासून आवडतं. ऑटोमॅटिक मशीन, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चारच्या जागी आत दडलेली चावी, आणि टिकाऊ केस-पट्टा, या पाच गुणांवरून त्याला पाच. कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या माणसांच्या बॅगांतून ही घड्याळं गावोगाव आली, म्हणून रत्नागिरी-रायगडकडे अजून न रंगवलेली सापडतात.

सिको तपासायला सोपं, कारण जपान्यांनी सगळं लिहून ठेवलंय. पाठीवर दोन तुकड्यांत आकडे असतात, उदाहरणार्थ ७००९ आणि पुढे केसचा क्रमांक. पहिले चार आकडे मशीनचे. झाकण उघडल्यावर गोल फिरणाऱ्या रोटरवर तोच आकडा हवा. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांतही तोच हवा. तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे असतील तर तीन घड्याळांचं एक केलंय. पाठीवरच्या सहा आकडी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. दशक मॉडेलवरून ठरवावं लागतं. तळाची ही बारीक ओळच नसेल, तर डायल पुन्हा छापलेली आहे असं समजून किंमत करा.

आणि ७००९ ला हाताने चावी भरता येत नाही. चावी फिरवली तरी आत काही होत नाही म्हणून बिघडलंय असं समजून स्वस्तात विकणारे मला भेटलेत. हलवा, चालेल. तारीख बदलायची असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन यांच्यामध्ये झटपट बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात, दात तुटतो.

वेस्ट एंड वॉच कंपनीचं सोवार प्रायमा बघितलं असेल. कंपनी स्विस, पण तिची खरी गिऱ्हाइकं इथली: लष्कर, रेल्वे, पोलीस. सोवार म्हणजे आपला घोडेस्वारच. १९३० च्या दशकातल्या सोवार प्रायमामध्ये इनकाब्लॉक ही धक्का सोसणारी यंत्रणा होती, तेव्हा ती अगदी नवी होती. सुंदर घड्याळं आहेत, पण सर्वाधिक रंगवलेल्या डायलीही यांच्याच. पहिल्या वर्षात घेऊ नका. ओमेगा, रोलेक्सबद्दल दोन वाक्यं पुरे: रस्त्यावर किंवा अनोळखी माणसाकडून घेऊ नका, आणि भाव फार चांगला वाटला तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे. इतिहासाची आवड असेल तर रिव्हर्सोची गोष्ट वाचा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काचा पोलो खेळताना फुटत, म्हणून केस उलटी फिरवता येणारं ते घड्याळ १९३१ मध्ये आलं. घ्यायची घाई नको.

खरेदी कुठे? मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. जा, पण आधी काही फेऱ्या नुसतं बघायला जा. भिंग खिशात असू द्या, विचारल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि विक्रेत्याला ‘हे रंगवलेलं आहे’ असं चारचौघांत सांगू नका. घेऊ नका, एवढंच. तो तुम्हाला पुढच्या वेळी ओळखेल आणि आतला डबा काढेल. ऑनलाइन घेताना डायलचा सरळ उजेडातला फोटो, झाकण उघडून मशीनचा फोटो, आणि चालू असतानाचा व्हिडिओ मागा. मशीनचा फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

तुमच्यासारखंच वेड असलेली दोन-चार माणसं शोधा. घड्याळं एकट्याने जमवण्यात अर्धीच मजा आहे. आमच्यात कोणाकडे फुटलेल्या काचेचं बंद जनता असेल तर ते भंगारात जात नाही, दुसऱ्याच्या पायलटला बॅलन्स मिळतो. कोणी नवीन घड्याळ आणलं की आधी सगळे मिळून त्याच्या डायलची चिरफाड करतात, मग चहा. मालकाला राग येतो, पण शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. शिवाय चांगला घड्याळजी कोणता, कोण मशीन पूर्ण उघडतो आणि कोण वरवर पुसतो, हे अशा मंडळींनाच ठाऊक असतं. असा घड्याळजी सापडला तर त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नका. हे काम नीट करणारे लोक कमी होत चाललेत.

ठेवण्याबद्दल थोडं. आपल्या हवेत घड्याळाचा शत्रू पावसाळा. जुनं घड्याळ पाठीवर काहीही लिहिलेलं असलं तरी पाण्याचं नाही असंच वागा. रबरी रिंग वाळलेली असते. हात धुताना काढून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याऐवजी कापडी किंवा धातूचा पट्टा लावा, नाहीतर बुरशी येते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. काच ॲक्रिलिकची असेल तर बारीक ओरखडे पॉलिशने जातात, त्यासाठी काच बदलायची गरज नाही. केसला मात्र पॉलिश करायला देऊ नका. एकदा धार गेली की परत येत नाही.

रेडियमच्या डायलीचं घड्याळ संग्रहात आलं तर ते बंद असताना काचेआड फारसं अपायकारक नाही. पण स्वतः उघडून लेप खरवडू नका, त्याची धूळ श्वासातून जाणं हाच खरा धोका. अशी पाच-दहा घड्याळं झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटातही ठेवू नका, रेडियममधून रेडॉन वायू सुटतो. सर्व्हिसिंगला देताना घड्याळजीला आधी सांगा. त्यांच्यापैकी अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

शेवटी एक वही घाला. प्रत्येक घड्याळाचं मॉडेल, पाठीवरचे आकडे, कोणाकडून किती रुपयांना घेतलं, कधी उघडलं, कोणता भाग बदलला आणि तो कुठून आला, हे लिहा. बदललेला जुना भाग छोट्या पुडीत घालून घड्याळाबरोबर ठेवा, काटा असो की चावी. सी किंगच्या पानावर आजोबांनी ते कधी, कुठून घेतलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आत्ताच लिहून ठेवा. पावती सापडली तर तीही चिकटवा.